लेथशिवाय लाकडी बुद्धिबळ: पहिलाच संच भेट द्यायचा असेल तर

मामाच्या प्लॅस्टिकच्या संचातली दोन प्यादी कधीच हरवली होती. त्यांच्या जागी बाटलीची झाकणं. संध्याकाळी शेजारचे काका आले की त्याच पटावर डाव मांडला जायचा आणि दर चार चालींनी मामा वाकून विचारायचा, "हा उंट आहे का प्यादं रे?" एका डोळ्याला कमी दिसतं त्याला. पंचाहत्तरीला काय द्यायचं, हा प्रश्न माझ्यासाठी तिथेच मिटला.

तोवर मी लाकडात दोन फळ्या आणि एक डुगडुगणारं स्टूल एवढंच केलं होतं. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते सुताराने शिकाऊ पोराला सांगावं तसं नाही. एका नवशिक्याने दुसऱ्याला सांगितलेलं आहे. रविवारी तीन-चार तास दिलेत तर सहा रविवारांत काम होतं. पॉलिश वाळायला लागणारे दिवस वेगळे धरा.

आधी मोह आवरा

आपल्या डोळ्यासमोर जे मोहरे येतात त्यांना स्टॉन्टन घाट म्हणतात. नॅथॅनियल कुक यांच्या नावावर १८४९ साली नोंदवलेला हा घाट लंडनच्या जॅक्स कंपनीने बाजारात आणला आणि हॉवर्ड स्टॉन्टन या तेव्हाच्या नामांकित खेळाडूच्या नावाने तो खपला. घोडा सोडला तर त्यातला प्रत्येक मोहरा लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, कातलेला असतो. घोडा मात्र हाताने कोरावा लागतो, आणि अमृतसरच्या कारखान्यांत तर घोडे कोरणारे कारागीरच वेगळे असतात. आपल्याकडे लेथ नाही, आणि घोडे कोरण्यात गेलेली वर्षंही नाहीत. तेव्हा नक्कल करायला जाऊ नका. तसल्या नकलेत सोळा प्यादी सोळा तऱ्हेची होतात.

मला वाट दाखवली ती जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेतल्या योझेफ हार्टविग यांच्या संचाने. १९२३-२४ च्या सुमारास त्यांनी मोहऱ्यांतलं सगळं नक्षीकाम काढून टाकलं आणि मोहरा कसा चालतो तेच आकारात दाखवलं. तिरका चालणारा उंट म्हणजे फुलीचा आकार, वजिराच्या घनावर गोळा, राजाच्या मोठ्या घनावर तिरपा फिरवून बसवलेला छोटा घन. हे सगळं करवतीने जमण्यासारखं आहे. मी त्यातली कल्पना घेतली आणि आकार मामाच्या डोळ्यांना आणि बोटांना सोयीचे केले.

एकच कसोटी धरा: डोळे मिटून बोट फिरवलं तरी मोहरा ओळखू आला पाहिजे, आणि दोन हत्ती शेजारी ठेवले तर त्यांच्यात फरक दिसता कामा नये. देखणेपणाचं नंतर बघू.

मापं

पटाचं घर ५० मिलिमीटरचं धरलं आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या शिफारशीत घर ५ ते ६ सेंटिमीटरचं असतं आणि एका घरात चार प्यादी मावावीत असं म्हटलंय. म्हणून प्याद्याची बैठक २५ मिलिमीटर, बाकी सगळ्यांची ३२. उंची अशी, तीही राजा-वजिराच्या डोक्यावर नंतर बसणाऱ्या टोपीसकट:

राजा ८०, वजीर ७०, उंट ६०, घोडा ५५, हत्ती ४५, प्यादं ४०.

स्पर्धेतला राजा साधारण ९५ मिलिमीटरचा असतो. पण ३२ च्या बैठकीवर एवढा उंच राजा काठीसारखा दिसतो आणि शर्टाची बाही लागली तरी आडवा होतो. उंचीच्या चाळीस टक्के बैठक असली की मोहरा नीट उभा राहतो.

प्रत्येक रंगात एक वजीर आणि एक प्यादं जादा करा. म्हणजे एकूण ३६ मोहरे. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की दुसरा वजीर लागतोच, तेव्हा उलटा हत्ती ठेवायची वेळ येऊ नये.

लाकूड: दोन रंग, पण एकच जात

सगळे सांगतात काळ्यासाठी शिसव घ्या. शिसव देखणं आहे, वादच नाही. पण ते कठीण असतं, कानस चालवून मनगट भरून येतं आणि त्याच्या भुशाने नाक-घसा चुरचुरतो. शिवाय फिकट बाजूला शिवणीसारखं हलकं लाकूड वापरलंत तर काळे मोहरे जड आणि पांढरे फुलासारखे, असा विचित्र संच हाती येतो. आणखी एक: शिसवाची सगळी जातकुळी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. भेट अमेरिकेतल्या भावाला पाठवायची असेल तर ती भानगड आधीच टळलेली बरी.

म्हणून एकच फिकट लाकूड घ्या आणि अर्धे मोहरे काळे करा. हळदू मिळालं तर उत्तम. बारीक पोताचं, पिवळसर, कडा स्वच्छ निघतात. नाहीतर शिवण किंवा स्टीम बीच. पाईन स्वस्त असतं, पण नखानेही त्यावर खळगा पडतो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी जा, नाहीतर तुमच्या गावात असेल त्या वखारीत जाऊन सरळ कटपीस मागा. एवढ्याशा कामासाठी अख्खी फळी लागत नाही.

वखारीतच मशीनवर काठ्या रंधून घ्या. ३२ × ३२ मिलिमीटरच्या दोन, प्रत्येकी सव्वादोन फूट. २५ × २५ च्या दोन, प्रत्येकी दीड फूट. इथे कंजुषी करून हाताने चौरस काढत बसू नका. काठी काटकोनात नसेल तर पुढचं एकही काम काटकोनात होत नाही. काटकोन तपासायचा गुण्या खिशात घेऊन जा आणि तिथल्या तिथे लावून बघा. गाठ किंवा चीर असलेला तुकडा परत करा. काठीत रेषा उभ्या, लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत.

हत्यारं

पाठीवर पट्टी असलेली बारीक दातांची करवत, मायटर बॉक्स (करवत सरळ चालावी म्हणून ४५ आणि ९० अंशांच्या खाचा असलेली पेटी), गुण्या, दोन सी-क्लॅम्प, एक चपटी आणि एक तिकोनी कानस, अर्ध्या इंचाची पटाशी, हातड्रिल, आणि १२०, २२०, ३२० नंबरचा पॉलिश पेपर. मास्क आणि चष्मा विसरू नका. जिगसॉ असेल तरी तो बाजूलाच ठेवा. एवढे छोटे तुकडे हातात धरून मशीनवर कापणं म्हणजे बोटांशी खेळ.

कापणी

इथे मला उशिरा उमगलेली गोष्ट आधीच सांगतो. तुकडे आधी पाडून मग त्यांना आकार द्यायचा नाही. काठी लांब असतानाच तिच्या टोकाला मोहऱ्याचं डोकं घडवायचं आणि मग खालून कापून वेगळं करायचं. लांब काठी क्लॅम्पमध्ये घट्ट बसते. चार सेंटिमीटरचा ठोकळा साबणासारखा निसटतो. मग पुढचं डोकं, पुन्हा काप.

सारख्या उंचीसाठी दर वेळी पट्टीने मोजू नका. मायटर बॉक्समध्ये करवतीच्या खाचेपासून ४० मिलिमीटरवर एक ठोकळा क्लॅम्पने आवळा. काठीचं टोक त्याला टेकवायचं आणि कापायचं. अठरा प्यादी तशीच निघतात. ठोकळा हलवायचा तो फक्त मोहऱ्याचा प्रकार बदलताना.

*प्यादं.* डोक्याच्या चारही कडा कानशीने ४५ अंशांत ६ मिलिमीटर उतरवा. माथ्यावर लहान चौकोन राहतो. झालं. साधा, पण अठरा वेळा करायचाय, म्हणून सुरुवात यानेच करा. शेवटच्या प्याद्यापर्यंत हात बसलेला असतो. पहिली दोन जादाची म्हणून बाजूला ठेवा.

*हत्ती.* माथ्यावर अधिक चिन्हासारख्या दोन खाचा, ६ रुंद आणि ८ खोल. खाचेच्या दोन्ही कडांना करवतीचे काप देऊन मधलं लाकूड पटाशीने उडवा आणि चपट्या कानशीने तळ साफ करा. चार बुरूज उभे राहतात. आता हत्तीला बुरूज का? आपल्या चतुरंगात कोपऱ्यात रथ होता; युरोपात जाता जाता त्याचा बुरूज झाला आणि आपण मात्र त्याला हत्ती म्हणू लागलो. गंमत म्हणजे रशियन माणूस आपल्या उंटालाच हत्ती म्हणतो. मामाला खरी सोंड हवी होती. मी नाही म्हणालो.

*उंट.* यात एक छान युक्ती आहे. काठीचा ९० मिलिमीटरचा तुकडा पाडा आणि मायटर बॉक्सच्या ४५ अंशांच्या खाचेतून बरोबर मध्यावर कापा. एका कापात दोन उंट, दोघांचा माथा तिरका, चालीसारखाच. टोकाची धार चार मिलिमीटर बोथट करा, नाहीतर पहिल्याच पडण्यात ती टवका सोडते.

*राजा आणि वजीर.* राजाचं धड ६४, वजिराचं ५४. दोघांच्याही माथ्याच्या कडा ५ मिलिमीटर उतरवा. वजिरावर १६ मिलिमीटरचा गोल लाकडी मणी बसतो. हस्तकलेच्या दुकानात मिळतो, फक्त पॉलिश न केलेला कच्चा मागा, नाहीतर पुढे काळा होत नाही. राजावर २५ च्या उरलेल्या काठीतून काढलेला १६ चा घन, पण धडाच्या कडांशी ४५ अंशांत फिरवून. माथ्यावर कर्णरेषा काढून मध्य काढा, ८ मिलिमीटर खोल भोक पाडा आणि बांबूच्या काडीच्या खुंटीवर टोपी बसवून बघा. बघाच फक्त, फेविकॉल आत्ता नाही. जिथे गोंद सांडतो तिथे रंग चढत नाही.

घोडा

संच अर्धवट सोडलेले बहुतेक लोक इथे सोडतात, म्हणून थोडं सावकाश.

माझ्या पहिल्या दोन घोड्यांची नाकं तुटली, एकाचं तर पेपर मारताना. कारण सोपं आहे. काठीत रेषा उभ्या असतात आणि घोड्याचं नाक आडवं बाहेर येतं. म्हणजे नाकातल्या रेषा अगदी आखूड, बिस्किटासारख्या. नाक नाजूक केलंत की ते जाणारच. जाड ठेवा, निदान १४ मिलिमीटर.

पुठ्ठ्याचा छाप करा: ३२ रुंद, ५५ उंच. डावी बाजू घोड्याची पुढची, उजवी पाठीची धरा. मग चार सरळ काप, वाकडं काहीच नाही.

पहिला, कपाळ: माथ्यावर पुढून १४ मिलिमीटरवर खूण, पुढच्या बाजूवर माथ्यापासून १६ खाली खूण, दोन्ही जोडून कोपरा उडवा. दुसरा, जबडा: पुढच्या बाजूवर माथ्यापासून ३० खाली आडवा काप, १२ खोल. तिसरा, छाती: त्याच बाजूवर ४३ खालून निघून वर तिरका, दुसऱ्या कापाच्या आतल्या टोकाला जाऊन भिडणारा. तिकोनी फोड खाली पडते आणि अचानक समोर घोडा दिसतो. चौथा, मान: माथ्यावर मागून ८ आत खूण, पाठीवर ४० खाली खूण, तो लांबट पापुद्रा काढा.

माथ्यावर १० मिलिमीटरची पट्टी उरते. तिच्यावर पुढून मागे, मधोमध, करवतीने ५ मिलिमीटरची चीर दिली की दोन कान तयार. डोळा, आयाळ काही करू नका. मी एकाला खिळ्याने डोळा टोचला, तर तो चिडलेला दिसायला लागला.

छाप काठीच्या दोन्ही बाजूंना आखा. एकाच बाजूला आखून कापलं तर करवत पलीकडे भलतीकडेच निघते. घोडे काठी लांब असतानाच कापा, आणि प्रत्येक रंगाला एक जास्तीचा धरून चला.

सगळ्या मोहऱ्यांना तळापासून ८ मिलिमीटरवर चारही बाजूंनी २ मिलिमीटर खोल रेघ द्या. करवतीच्या पात्यावर दातांपासून २ मिलिमीटर वर चिकटपट्टी लावली की खोली आपोआप राखली जाते. एवढ्याने बैठक वेगळी दिसते आणि ठोकळ्याचा मोहरा होतो.

घासणं

कंटाळवाणं आहे, टाळता येत नाही. १२० ने करवतीच्या खुणा घालवा, मग २२०. कागद सपाट फळीवर चिकटवा आणि मोहरा त्यावर फिरवा. कागद बोटात धरून घासलंत तर कडा गोलमटोल होतात. घोडा तेवढा कागदाच्या गुंडाळीने.

मग ओल्या फडक्याने सगळे पुसा आणि वाळू द्या. लाकडाचे तंतू उभे राहतात, हात फिरवला की खरखर लागते. आता ३२० ने हलकेच घासा. ही पायरी काळ्या मोहऱ्यांसाठी अत्यावश्यक, कारण पुढे त्यांना पाणी लागणारच आहे.

काळा रंग: हिरडा आणि लोखंड

रंगाच्या डब्यातला काळा लाकडावर बसतो आणि कोपऱ्यांवर झिजून पांढरा दिसतो. हिरड्याचा काळा लाकडात मुरतो. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. लोखंडाच्या क्षारांशी गाठ पडली की ते काळं होतं. कलमकारीच्या कापडावरची काळी रेघ अशीच येते: कापडाला आधी हिरडा, मग लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं पाणी.

काचेच्या बरणीत पांढरं व्हिनेगर आणि त्यात मूठभर लोखंडाचा कीस किंवा गंजके खिळे. कीस आधी साबणाने धुवा, त्यावरचं तेल गेलं पाहिजे. भांडी घासायची स्टीलची घासणी चालत नाही. स्टेनलेस असल्यामुळे ती आठवडाभर तशीच चमकत बसते. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. पाच-सात दिवसांनी पाणी फडक्यातून गाळा.

काष्ठौषधीच्या दुकानातून ५० ग्रॅम हिरडा पूड आणा, अर्ध्या लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा. मोहऱ्याला हे पाणी ब्रशने लावा, पूर्ण वाळू द्या, मग लोखंडाचं पाणी. डोळ्यादेखत राखाडी, मग जांभळट, मग काळं. वाळल्यावर पुन्हा एकदा दोन्ही. प्रत्येकाला वेगळा ब्रश ठेवा, नाहीतर हिरड्याची वाटी शाईची दौत होते. हातमोजे घाला आणि खाली प्लॅस्टिक अंथरा. आमच्या गॅलरीतल्या लादीवर एक ठिपका अजून आहे आणि तो कसा पडला हे घरात मी सोडून सगळ्यांना पाठ आहे.

आधी कटपीसवर करून बघा. आणि मणी, घन विसरू नका. ते काळे झाले, वाळले, की मग खुंटीला थेंबभर फेविकॉल लावून बसवा. मण्याचं वरचं भोक खुंटीनेच भरून निघतं. वर आलेला तुकडा कापून तिथे पुन्हा काळं.

वजन, तळ, पॉलिश

हलक्या लाकडाचा मोहरा ठेवताना आवाजही येत नाही. तळाला १६ मिलिमीटरचं भोक, १५ खोल, त्यात ८ मिलिमीटरच्या बोल्टचे दोन नट आणि वरून एम-सील, म्हणजे मळून लावायची, वाळून घट्ट होणारी लांबी. प्याद्याला एकच नट, भोकही त्या मानाने उथळ. शिसं घालू नका, ते विषारी आहे आणि घरात लहान मुलं असतात. तळाला फेल्टचं कापड थोडं मोठं कापून चिकटवा आणि वाळल्यावर कडेने ब्लेडने छाटा.

फेल्टच्या आधी पॉलिश. लाखदाणा स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून केलेलं पॉलिश नवशिक्याला सगळ्यात सोपं; चुकलं तर स्पिरिटने पुसता येतं. तीन पातळ हात, मध्ये ३२० चा हलका पेपर, शेवटी मेण चोळून फडक्याने चकाकी. काळ्या मोहऱ्यांवर पेपर अगदी अलगद फिरवा, नाहीतर कोपऱ्यावर खालचं पिवळं डोकावतं. भर पावसात हे करू नका. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते. खोबरेल किंवा गोडेतेल चोळायचा सल्ला कुणी दिलाच तर ऐकून सोडून द्या, ती तेलं वाळत नाहीत, चिकट होतात. जवसाचं तेल वाळतं, पण त्याने भिजलेल्या फडक्याचा बोळा करून टाकू नका. आतल्या आत तापून तो पेट घेऊ शकतो. फडकं पसरून उघड्यावर वाळवा.

मामासाठी एक जादा गोष्ट केली. अंध खेळाडूंच्या संचात एका रंगाच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोचणारी खूण असते. तसं काळ्या मोहऱ्यांच्या माथ्यावर, जिथे जागा होती तिथे, पितळी टाचणीचं डोकं ठोकलं.

पट

पट विकत आणलात तरी काही बिघडत नाही. स्पष्टच सांगतो, पहिल्या वेळी आणाच. फक्त घरं काळी-पांढरी नकोत. तपकिरी आणि साय रंगाची घ्या, म्हणजे काळा मोहरा काळ्या घरात बुडत नाही.

तरीही करायचाच असेल तर: सागवान आणि फिकट लाकडाच्या प्रत्येकी चार पट्ट्या, ५० रुंद, १२ जाड, ४५० लांब. आलटून पालटून गोंदाने जोडा. वाळल्यावर त्या फळीचे आडवे आठ पट्टे पाडा, पुन्हा ५० रुंदीचे, पण हे काप सुताराच्या टेबल सॉवर करून आणा. मग एक आड एक पट्टा उलट टोकाने फिरवायचा आणि जोडायचं. चौसष्ट घरं. चौकट लावलीत तर ती पटाला सगळीकडून चिकटवू नका. चाळीस सेंटिमीटरचं लाकूड उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना दोन-तीन मिलिमीटर फुगतं. जागा मिळाली नाही तर चौकटीचे सांधे तरी उघडतात, नाहीतर पट पोट काढतो. आणि कडी, नाव, तारीख काहीही लावण्याआधी पट समोर ठेवून खात्री करा: खेळणाऱ्याच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर फिकट रंगाचं.

देण्याआधी

पॉलिशनंतर आठवडाभर मोहरे उघडे राहू द्या. लगेच वर्तमानपत्रात गुंडाळलेत तर कालच्या बातम्या वजिरावर उमटतात. खणाच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवून घ्या, एका रंगाला एक.

आणि एक डाव स्वतः खेळा, संध्याकाळच्या दिव्यात. मी भाचीबरोबर खेळलो. ती नागपूरची, दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकल्यापासून घरात दुसरा विषय नाही. सतरा चालींत हरलो, पण दोन हत्ती डुगडुगतात आणि एका घोड्याचा कान बोटाला टोचतो, हे त्याच डावात कळलं.

मामाने पहिल्याच महिन्यात एक पांढरं प्यादं हरवलं. जादाचं प्यादं कामाला आलं. झाकणं मात्र त्याने अजून टाकलेली नाहीत.